दबलेला आवाज

लेकीचा पहिला पगार झाला म्हणून आम्ही अम्मीला घेऊन लोअर परळच्या एका बड्या रेस्टॉरंट-लाउंजमध्ये गेलो. जागा जुन्या गिरणीची. १९८२ च्या संपापूर्वी अब्बा तिथंच साच्यावर होते; अम्मी फाटकाशी डबा घेऊन उभी राहायची.

मेनूतली दारूची पानं उलटून आम्ही वेटरला कुजबुजत विचारलं, “मटण हलाल आहे ना?” त्याला ऐकूच गेलं नाही. मग अम्मीनंच खणखणीत विचारलं. शेजारच्या माना वळल्या. वेटर अदबीनं म्हणाला, “आजी, विचारून येतो.” परतला नि म्हणाला, “चिकन हलाल आहे. मटणाची खात्री देता येत नाही.”

चिकन आलं. अम्मी बिस्मिल्ला म्हणून निवांत जेवली. आमच्या तोंडात मात्र घास फिरत राहिला. स्वतःच्या ताटाबद्दल विचारताना आमचा आवाज कधीपासून दबला?