चोखोबा बाहेर का?

पंढरपूरला विठ्ठल मंदिराच्या नामदेव पायरीपाशी वाकून आम्ही उठलो. समोरच संत चोखोबांची, म्हणजे चोखामेळ्यांची समाधी. लेकीने विचारलं, "आई, हे देवळाबाहेर का गं?"

सहा वर्षांच्या पोरीला जात कशी समजावायची? पण काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेणं मनाला पटेना. म्हटलं, "त्यांना आत येऊ देत नव्हते. जन्मावरून माणसाला खालचं ठरवायचे."

"मग विठोबा काही बोलला नाही?"

याचं उत्तर मला माहीत नाही, असंच मी तिला सांगितलं. मग साने गुरुजींची गोष्ट सांगितली. मे १९४७मध्ये त्यांनी इथेच, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण केलं आणि मंदिर सर्वांना खुलं झालं.

"म्हणजे माणसांनीच बंद केलं आणि माणसांनीच उघडलं!"

मी बघतच राहिले. आपण खरं बोलतोय की टाळतोय, हे मुलांना बरोबर कळतं. उद्या ती देव मानेल, न मानेल. ते तिचं तिने ठरवावं. पण देवाच्या नावावर कुणालाही कमी लेखायचं नाही, हे तिला आत्ताच कळायला हवं. त्यासाठी ती मोठी होण्याची वाट कशाला बघायची?