दगड, चाक आणि रविवार

जालना जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर लावून एखाद्याला म्हटले, ‘यात डोंगर दाखव बरे!’ तर तो बराच वेळ बोट फिरवीत राहील. पुण्याच्या मुलांना सिंहगड आहे, नाशिकच्या मुलांना घराच्या गच्चीवरून डोंगर दिसतात. आमच्या वाट्याला आले ते माळ. बाहेरगावचा पाहुणा आला, की आम्ही त्याला पोलादाच्या भट्ट्यांविषयी सांगतो, बियाणांविषयी सांगतो, मोसंबी सोलून देतो; पण डोंगराचे नाव म्हणून काढीत नाही. असे असूनही गेली दोन वर्षे आम्ही पाच मित्र दर रविवारी सायकलींवरून डोंगर शोधायला जातो आणि तो आम्हांला सापडतो, असे मी सांगितले की वर्गात हशा पिकतो. त्या हशाला उत्तर म्हणून हे चार शब्द.

मुळात डोंगर नाही हे म्हणणेच खरे नाही. अजिंठ्याच्या रांगेचा एक फाटा आमच्याकडे उतरलेला आहे. फक्त तो इतका दमलेला आहे, की जालन्यापर्यंत येता येता त्याच्या टेकड्या झाल्या आहेत. राजूरचा गणपती अशाच एका टेकडीवर बसला आहे. अंबडची मत्स्योदरी देवी तर माशाच्या आकाराच्या टेकडीवर. आपल्याकडे देव उंचावर बसतात आणि माणसे त्यांच्यासाठी पायऱ्या बांधतात. आम्ही शोधतो त्या टेकड्यांवर देव नाही, पायऱ्या नाहीत, म्हणून तेथे गर्दीही नाही.

आमच्या या उद्योगाला इंग्रजीत भारदस्त नावे आहेत. खडकाळ वाटांवरून सायकल हाकणे म्हणजे माउंटन बायकिंग आणि दोर न लावता, दोनतीन पुरुष उंचीच्या धोंड्यावर हातापायांनी चढणे म्हणजे बोल्डरिंग. नावे ऐकून वाटते, की हे श्रीमंतांचे खेळ असावेत. पण पहिल्या खेळाचा जन्म चक्क भंगारातून झाला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस नावाच्या डोंगराच्या परिसरात १९७० नंतरच्या काळात काही तरुण जुन्यापान्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतारावरून सुटत. १९७६ साली त्यांनी शर्यती सुरू केल्या. उतरताना मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्याने भरावे लागे. त्या उताराचे नावच ‘रिपॅक’ पडले. पुढे १९९६ साली हा खेळ ऑलिम्पिकमध्ये गेला. दुसऱ्या खेळाची पंढरी पॅरिसजवळचे फाँतेनब्लोचे जंगल. तेथल्या वाळूच्या दगडांवर शंभर वर्षांहून अधिक काळ लोक चढत आले आहेत. आणि आपला महाराष्ट्रही मागे नाही बरे! मुंबईच्या गिरिविहार संस्थेने २०१६ आणि २०१७ साली या खेळाची विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत भरविली होती.

आमच्या सायकलींची वंशावळ मात्र वेगळी आहे. पाचांपैकी दोनच गिअरच्या. एक थोरल्या भावाकडून आलेली, एक जुन्या बाजारातून घेतलेली, आणि पाचवी काळी, उंच, दुधाच्या किटल्या वाहून म्हातारी झालेली. तिला गिअर नाहीत; पण चढावर ती ज्याच्याकडे असते, तोच सर्वांत आधी पोहोचतो. कारण तो केव्हाच खाली उतरून तिला ढकलू लागलेला असतो!

पहाटे पाचला मोतीबागेपाशी जमायचे हा आमचा नियम. उन्हाळ्यात नऊनंतर माळ तव्यासारखा तापतो, म्हणून उशीर करणाऱ्याची वाट पाहायची नाही, हा दुसरा नियम. डांबरी रस्ता सुटला, की पांदण लागते आणि खरे शिक्षण तेथे सुरू होते. चाकोरीत चाक घातले, तर पुढचे वळण आपल्या हाती राहत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळले. बाभळीचा काटा टायरात रुतला तर तो लगेच उपटायचा नाही, सावली गाठायची आणि मग उपटायचा, हेही कळले. पावसाळ्यात काळ्या रानात शिरायचे नाही. ती माती चाकाला नुसती चिकटत नाही, चाक आणि चिमटा यांच्यामध्ये अशी गच्च बसते की सायकल जागच्या जागी उभी राहते. मग काडीने माती कोरीत बसा! मुरमाड माळ मात्र पाऊस पडल्यावर तासाभरात वाट देतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘मृदेचे प्रकार’ नावाचा धडा होता. तो आम्हांला खऱ्या अर्थाने चाकांनी शिकविला.

इतिहासाचेही तसेच. एकदा आम्ही असईला गेलो होतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांची जी लढाई झाली, ती याच गावापाशी, खेळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. इंग्रज सेनापती वेलस्लीला नदी ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते, की जवळपास उतार नाही. त्याने पाहिले, की नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत. मग त्यांच्यामध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. परीक्षेत या लढाईवर आम्ही पाच गुणांचे उत्तर लिहिले होते. तिची ही गोष्ट खऱ्या अर्थाने समजली ती ओढ्याकाठी सायकल खांद्यावर घेऊन उभे राहिल्यावर. आता अनोळखी ओढा आडवा आला, की आम्ही पलीकडचे गाव शोधतो, आणि त्याच्या समोरच्या काठाला लागतो. उतार सापडतोच.

पण या लेखात मला सांगायचे आहे ते दगडाविषयी. आमच्यातला एकजण बदनापूरकडच्या एका खेड्यातला. त्याच्या रानामागे एक टेकडी आहे आणि तिच्या उतारावर काळ्या धोंड्यांची रास पडली आहे. हा आपला दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले. त्यांची भोके आज आमच्या बोटांना आधार देतात. काही भोकांत पांढरे स्फटिकही चमकतात. याच दगडाची एक खोडी आहे. ऊनपाऊस खाऊन तो कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. वरून अभंग दिसणारा कंगोरा आतून सुटलेला असतो आणि सगळा भार त्यावर टाकला, की हातात येतो. खाली आम्ही जुनी काथ्याची गादी अंथरतो, दोघेजण हात वर करून चढणाऱ्याच्या पाठीशी उभे राहतात. पण सुटलेल्या दगडापुढे गादी काय करणार?

एका रविवारी मित्राची आजी शेळ्या घेऊन तिकडे आली. वय सत्तरीच्या पुढे. बराच वेळ ती कपाळावर हात धरून आमचा प्रयोग पाहत होती. मग म्हणाली, “कामून चढता रं पोरांहो? वर काय हाय?”

“काही नाही, आजी.”

“मंग मजुरी किती पडती?”

आम्ही हसलो. ती हसली नाही. धोंड्याला पाठ टेकून खाली बसली आणि बोलू लागली. १९७२ च्या दुष्काळात ती नवी नवरी होती. रान करपलेले, विहिरीला तळ. नवराबायको दोघेही दुष्काळी कामावर गेले आणि खडी फोडू लागले. बोटांना चिंध्या बांधायच्या, कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून तोंड फिरवून हातोडी मारायची, ब्रास भरला की मुकादमाची वाट पाहायची. खायला तांबड्या मिलोची भाकरी, नाही तर सुकडी. तेव्हा जालना जिल्हाही नव्हता; १ मे १९८१ ला तो झाला. त्या काळात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या ५० लाखांतली एक बाई आता माझ्यासमोर शेळीचे कान खाजवीत बसली होती.

बोलता बोलता ती उठली. हातात एक गोटा घेतला आणि आमच्या आवडत्या धोंड्यावर जागोजागी ठोकीत गेली. खण्, खण्, खण्... आणि एका ठिकाणी ‘बद्’. “ह्यो बोलतो, त्यो मुका हाय,” ती म्हणाली. “बोलता दगड धरावा. मुक्याच्या नादी लागू नये.” मित्राने घरून पहार आणली आणि त्या मुक्या जागी लावली. परातीएवढा पापुद्रा सुटून खाली आला. आम्ही पाचहीजण गप्प झालो. तो आमच्या सर्वांत अवघड वाटेवरचा शेवटचा आधार ठरणार होता.

निघताना तिने पुन्हा विचारले, “म्हंजे मजुरी न्हाई, मुकादमबी न्हाई?”

“नाही, आजी.”

“मंग चढा,” ती म्हणाली आणि शेळ्यांमागे निघून गेली.

‘मंग चढा’ या दोन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला आहे. ‘या खेळाचा उपयोग काय?’ असे आम्हांला घरी विचारतात, कॉलेजातही विचारतात. प्रश्न रास्त आहे. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ साली वाळलेल्या मोसंबीच्या बागा पाहिल्या, टँकरमागे धावणारी माणसे पाहिली, तेथे हौसेचा हिशोब मागितला जाणारच. पण आजीने हिशोब वेगळा मांडला. दगडाला पोटासाठी हात लावावा लागू नये, इतके तिच्या पिढीने सोसून मिळविले. तिची नातवंडे त्याच दगडावर हसत चढतात, यात तिला उधळपट्टी दिसली नाही. सुटी दिसली. आणि त्या कष्टांतून आलेले ज्ञान तिने फुकट आमच्या हाती दिले. आजही आमच्यापैकी कोणीही ठोकून पाहिल्यावाचून दगडाला हात घालत नाही. त्या ठोकण्याला आम्ही ‘आजीची टिचकी’ म्हणतो.

त्या टेकडीपासून समृद्धी महामार्ग दिसतो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावर सायकलीला मज्जाव आहे. आम्ही त्याच्या खालच्या बोगद्यातून पलीकडे जातो. वरून गाड्या सुसाट जातात. त्यातल्या प्रवाशांना आमचा जिल्हा काही मिनिटांचा आणि सपाट दिसत असेल. त्यात त्यांचा दोष नाही. त्या वेगाला तो तसाच दिसणार. आम्हांला तो दिसतो ताशी दहा किलोमीटरने, आणि धोंड्यावर असलो तर तासाला दहा फुटांनी!

या वर्षी आमच्यातले दोघे जातील. एक पोलीसभरतीच्या तयारीला लागला आहे, दुसरा पुण्याला अभ्यासिका शोधतो आहे. काळी सायकल तो मागे ठेवून जाणार आहे. म्हणजे आमच्याकडे एक सायकल आणि दोन जागा रिकाम्या आहेत. प्रथम वर्षाच्या मित्रमैत्रिणींनो, ज्याला किंवा जिला यायचे असेल त्यांनी यावे. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी आणि पंक्चरचे सामान आणावे. गादी आमची, पंप आमचा. वेळ पहाटे पाचची, आणि वाट पाहण्यात येणार नाही.