मावशींच्या दोन गोळ्या

आधीच सांगते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादकांची! विषय मात्र गंभीर आहे. ब्लडप्रेशर.

फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांसाठी एक छोटं गणित. वरचं प्रेशर १२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पाण्यात मांडलं तर साधारण १.६३ मीटरचा स्तंभ. आमच्या मेसच्या मावशींचं १८० निघालं होतं, म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. आणि मावशी स्वतः जेमतेम पाच फूट! गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्यांना कसलाच त्रास नव्हता. डोकं दुखत नाही, काही नाही, पण मेंदू, हृदय, किडनी यांचं नुकसान आत चालूच असतं.

इथेच लोक फसतात. तापाची गोळी ताप उतरला की आपण बंद करतो. बी.पी.चं तसं नाही. प्रेशर १३० वर आलं ते गोळी चालू आहे म्हणून. मावशींचे मिस्टर मात्र "आता नॉर्मल आलंय" म्हणून स्वतःची गोळी सोडून मोकळे व्हायचे. कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांनी सांगावं, एरर शून्य झाली म्हणून कोणी कंट्रोलर काढून ठेवतं का? अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी एकदम सोडली तर हृदयविकाराच्या पेशंटला ते चांगलंच महागात पडू शकतं.

मावशी तशा शिस्तीच्या. एक दिवस गोळी चुकवत नव्हत्या. तरी मागच्या पावसाळ्यात त्यांचे घोटे सुजायला लागले, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. सगळ्या म्हणाल्या, दिवसभर पोळ्या लाटायला उभं राहून झालं असेल. एका रात्री त्यांनी कमरेच्या पिशवीतून दोन पाकिटं काढली. "ताई, तू इंग्लिश शाळेतली ना, वाच जरा." एक सरकारी दवाखान्यातलं, दुसरं मेडिकलमधून आणलेलं. ब्रँडचं नाव, रंग, सगळं वेगळं. पण मेडिकलच्या पाकिटावर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात जे लिहिलं होतं तेच सरकारी पाकिटावरही होतं: अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. मावशी रोज एकच औषध दोनदा घेत होत्या!

ही गोळी काय करते ते सांगताना माझी धांदल उडाली. कॅल्शियम चॅनेलला मराठीत काय म्हणायचं? शेवटी म्हटलं, "रक्ताच्या नळ्या सैल करते." मावशी लगेच, "म्हणजे परकराची नाडी ढिली केल्यासारखं!" याहून चांगली व्याख्या मला टेक्स्टबुकातही मिळाली नसती. नळ्या जास्त सैल झाल्या की घोट्यांशी पाणी साचतं, अंधारी येते.

मी स्वतः काही बंद करायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी एकच ठेवली. या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, आणि उतरायलाही काही दिवस जातात, म्हणून लगेच मोजून घाबरू नका म्हणाले. मोजताना पाच मिनिटं शांत बसायचं, आधी अर्धा तास चहा नाही. एखादी गोळी राहून गेली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि कंबर दुखते म्हणून मावशी मनानेच डायक्लोफिनॅक घ्यायच्या, त्यावरून बोलणी खाल्ली ती वेगळीच. ती वेदनाशामकं प्रेशर वाढवतात, किडनीलाही त्रास देतात. मिठाचं तर विचारूच नका. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, आणि ज्या हातांनी आपल्या सगळ्यांचं लोणचं घातलं जातं त्या हातांना हे सांगायचं!

पंधरा दिवसांत सूज उतरली. आता एकच अडचण उरलीय. मेडिकलवाला दहाच्या पाकिटातल्या चार गोळ्या कात्रीने कापून देतो, त्यात नाव आणि एक्स्पायरी नेमकी त्याच्याकडे राहते. परवा मी सोबत होते. मावशींनी काउंटरवर हात आपटला आणि म्हणाल्या, "नावाकडची बाजू मला दे, कोरी तू ठेव."