दिसणारा हिशेब

जिन्याखालच्या मीटरमधली चकती. कडेला एक काळी खूण. घरातलं सगळं बंद करून खाली जायचं आणि खूण सरकते का ते बघायचं. सरकली, तर कुठेतरी वीज मुरते आहे. इस्त्री लावली की चकती भरभर फिरायची, झिरोच्या दिव्यावर रेंगाळायची. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही वीज कशाला किती लागते ते कळत असे. पुढे चकती गेली आणि लाल ठिपका लुकलुकू लागला. आता स्मार्ट मीटर बसताहेत. वापर तासातासाचा दिसतो, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला सवलतही मिळते, आणि ती सवलत चांगली आहे. पण हे सारं ॲपवर. ॲप मुलाच्या फोनमध्ये, तो दिवसभर कामावर. वॉशिंग मशीन कधी लावायचं ते ठरवणार त्याची आई. तिच्यापर्यंत पोहोचतो तो महिन्याचा आकडा. त्यात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. स्थिर आकार तर घरातला एकही दिवा लावला नाही तरी द्यावाच लागतो.

रीडिंग घ्यायला येणारा माणूस. बिल जास्त आलं की निदान त्याला विचारता यायचं.

रिचार्ज न करता वाजणारा फोन. गेलेल्या गोष्टींपैकी याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. २००३ च्या मे महिन्यात येणारे कॉल फुकट झाले आणि रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांकडे फोन आला. २००५ च्या अखेरीला एकदाच ९९९ रुपये भरून आजीवन चालणारी कार्डं निघाली. ज्यांना कुणाला फोन करायचाच नसे, फक्त मुलांचा घ्यायचा असे, त्यांची सोय झाली. २०१८ मध्ये कंपन्यांनी किमान रिचार्जची सक्ती आणली आणि ती सोय संपली. महिना २८ दिवसांचा धरला, की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवा, असं दूरसंचार नियामक ट्रायला २०२२ मध्ये कंपन्यांना बजवावं लागलं. इंटरनेट न वापरणाऱ्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन द्या, हा आदेश निघायला २०२४ चा डिसेंबर उजाडला. त्यानंतर जे प्लॅन आले ते बहुतेक ८४ दिवसांचे किंवा जवळपास वर्षभराचे. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईने एवढी रक्कम एकदम कुठून काढायची? रिचार्ज संपला की काही दिवसांत येणारे कॉलही थांबतात, आणि बँकेचा ओटीपीही.

गच्चीवरचा अँटेना. पुण्यात त्याचं तोंड सिंहगडाकडे असे, कारण मुंबईचा कार्यक्रम गडावरच्या मनोऱ्यावरून यायचा. वरून एकाने फिरवायचा, खालून दुसऱ्याने ओरडायचं. रेडिओ-टीव्हीचा परवाना पोस्टात काढावा लागे. १९८० च्या दशकात तोही रद्द झाला आणि मग बातम्या बघायला दरमहा काही पडत नसे.

केबलवाल्याचं कार्ड. बारा चौकोन, पैसे दिले की सही. गावाला गेलो तर तो महिना सोडायचा की नाही, हे दारातच ठरायचं. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, पाठोपाठ पुण्या-नागपुरात. हवी तेवढीच चॅनलं घ्या, असं २०१९ मध्ये सांगण्यात आलं. पण तेव्हा एकही सशुल्क चॅनल घेण्याआधीच १३० रुपयांपर्यंत आणि वर जीएसटी द्यावा लागे. आता क्रिकेट एका ॲपवर, मराठी मालिका दुसऱ्यावर, आणि पैसे खात्यातून आपोआप वळते होतात. सही करायला कुणी दारात येत नाही.

मिक्सर दुरुस्त करणारा. कोपऱ्यावरचं दुकान गेलं; आता तपासणीचेच पैसे आधी.

पावशेर चहाची पुडी. वाणी तराजूत घालायचा, काटा दोघांना दिसायचा. पुढे बंद पाकिटं आली, तरी चहा, बिस्किटं, साबण अशा मालाची वजनं कायद्याने ठरलेली होती. काही वर्षांपूर्वी ठरलेल्या वजनांची ती यादी रद्द झाली. पाच रुपयांचा पुडा पाचचाच राहिला, आतली बिस्किटं कमी होत गेली. किंमत वाढली असती तर घरात चर्चा झाली असती. वजन घटलेलं कुणाच्या लक्षात येत नाही.

यादी रद्द करताना एक अट मात्र घातली गेली: वजनावर विकल्या जाणाऱ्या मालावर ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापायचा. तो एमआरपीच्या आसपास असतो, अक्षर बारीक असतं. पुढच्या वेळी दुकानात गेलात की तो वाचा, आणि शेजारी एखाद्या आजी उभ्या असतील तर त्यांनाही वाचून दाखवा.