शाळेखालचा प्राकार

इंग्लंडमधील कोल्चेस्टर म्हणजे रोमनांचे कामुलोडुनम. तेथील सेंट हेलेना शाळेच्या आवारात, मुलांच्या पायांखाली, रोमन काळातील एका देवालयाचा पाया आणि त्याभोवतीचा प्राकार गाडलेला आहे. देवालय ज्युपिटरचे असावे, असा अभ्यासकांचा कयास.

अशा अवशेषांचा विषय निघाला की वर्गातून पहिला प्रश्न येतो, ‘सर, राजा कोण?’ मी उलट विचारतो, ‘पैसा कोणाचा?’ याच गावातील दुसऱ्या, सम्राट क्लॉडियसच्या देवळाविषयी रोमन इतिहासकार टॅसिटसने उत्तर लिहून ठेवले आहे. निवृत्त सैनिकांनी ट्रिनोव्हांटीस लोकांना घरांतून, शेतांतून हुसकले, त्यांना गुलाम म्हणून हिणवले. आणि ज्यांना पुजारी नेमले, त्यांची संपत्ती धर्माच्या नावाखाली रिती झाली. (हे लिहिणारा स्वतः रोमन होता, हे विशेष.) इ.स. 60-61 मध्ये बौडिकाच्या उठावात ते देऊळ जळाले. त्याच्या चौथऱ्यावर आज नॉर्मनांचा किल्ला आहे.

साधारण त्याच काळात आपल्याकडे कार्ल्याचे चैत्यगृह कोरले गेले. तेथे दान देणाऱ्यांची नावे दगडावर आहेत: धेनुकाकटचा गंधी सिंहदत्त, अनेक यवन, आणि दार घडवणाऱ्या सामी सुताराचेही. कोल्चेस्टरच्या त्या शाळेखालचा प्राकार रचणाऱ्या गवंड्याचे नाव मात्र कोणी कोरले नाही.

आपल्या शाळेच्या सहलीत मुले स्तूपाकडे धावू लागतात. मी त्यांना आधी दाराशीच थांबवतो आणि सुताराचे नाव शोधायला लावतो.