अंधारातला ‘झीप’

उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय ही चार अक्षरं, उच्चार एकच. श्रुतलेखनात मुलं अडतात, पण शब्द ओळखीचा असला की अक्षर सापडतं. अमेरिकेत रात्री स्थलांतर करणारे छोटे पक्षी आवाजावरून ओळखणाऱ्यांना तेवढीही सोय नाही. पक्षी दिसत नाही, गाणंही नसतं. ऐकू येतो क्षणभराचा ‘झीप’. बिल इव्हान्स यांनी कुंडीत मायक्रोफोन बसवून असे आवाज टिपले, आणि २००२ मध्ये मायकेल ओब्रायन यांच्यासोबत त्यांचा संग्रह काढला. संगणकावर आवाजाचा आलेख पाहूनही काही वार्बलर वेगळे करता येत नाहीत. मग गटाचं नाव लिहितात. ठोकून देण्यापेक्षा हे बरं, असं मी वर्गातही सांगतो.

सहरीनंतर हेडफोन लावून मी ही ध्वनिमुद्रणं ऐकतो. स्वेन्सन्स थ्रश तेवढा पटकन कळतो, छोट्या बेडकासारखा.

शिकागो, क्लीव्हलँडमध्ये इमारतींवर आदळलेल्या सुमारे सत्तर हजार पक्ष्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये आला. रात्री हाक देणाऱ्या जातीच जास्त आदळतात. उजेडाने भांबावलेला पक्षी हाका मारतो, आणि त्या ऐकून बहुधा वरून जाणारेही खाली येतात. शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेसमध्ये ज्या खिडक्यांतले दिवे बंद असतात, तिथे मेलेले पक्षी कमी सापडतात.