उजेडात सापडलेला ससा

मैत्रिणींनो, शिकारीचा विषय आपल्या पानांवर कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. तो पुरुषांचा उद्योग. आपल्या वाट्याला येतं ते वाटण. पण म्हणूनच लिहिते आहे. शिकार कुणीही केली, कशानेही केली, तरी शेवटी ती येते आपल्याच ओट्यापाशी.

आमचं खुटबाव काही आडरानातलं गाव नाही. पुणे-दौंड लोहमार्गावर आमचं स्टेशन आहे, भोवती ऊस आहे. सुप्याच्या बाजूला गेलं की मात्र माळरान लागतं. तिथे चिंकारा हरणांसाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य आहे. ससे तर आमच्याकडे बांधावरही दिसतात.

आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत मराठी शिकवते. ‘सुट्टीतला एक दिवस’ या निबंधात सातवीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, की चुलत्याबरोबर रात्री मोटारसायकलवरून गेलो, डोक्याला बॅटरी बांधली होती, चार ससे मिळाले. पुढचं वाक्य होतं, ‘ससा उजेडात नुसता बघत उभा राहतो, पळतच नाही.’ मुलाने खरं तेच लिहिलं होतं. मी गुण दिले आणि खाली एक प्रश्न लिहिला : ‘का पळत नाही?’

तो भित्रा म्हणून नव्हे. त्याचे डोळे काळोखासाठी घडलेले. झगझगीत झोत पडला की तो दिपून जातो. देवाने त्या जिवाला रक्षणासाठी दोनच गोष्टी दिल्या, अंधार आणि पाय. एक बॅटरीने काढून घेतली, दुसरी मोटारसायकलने. मग राहिलं काय? ती शिकार नव्हे, भाजीसारखं उचलून आणणं झालं.

हे केवळ बायकी हळवेपण समजू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून शिकार करायची सोय होती, तेव्हाही मोटारीतून शिकार करायला आणि रात्री शिकार करायला बंदी होती. १९९१ साली तर शिकारीचे परवानेच बंद झाले. आणि यंत्राने काय होतं हे आपण पाहिलंय. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या महाराजांनी रात्री मोटारीच्या दिव्यांत सापडलेले तीन चित्ते मारले. देशातले ते शेवटचे चित्ते मानले जातात. २०२२ मध्ये आपल्याला चित्ते आणावे लागले ते थेट आफ्रिकेतून!

आमच्या शेजारच्या काकू म्हणतात, “अगं, फाशात धरला काय नि बॅटरीत धरला काय, मेला तो मेलाच.” सशापुरतं ते खरं आहे. पण फाशात एखादा सापडायचा, दहा निसटायचे. बॅटरीपुढे एका रात्रीत सगळा माळ रिकामा होतो.

तुम्ही विचाराल, मग पिंपरखेडचं काय? भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातल्या त्या गावात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात बिबट्याने वीसेक दिवसांत तीन बळी घेतले, त्यांत दोन मुलं. वनखात्याने रात्री, उष्णता टिपणाऱ्या ड्रोनच्या मदतीने बिबट्याला शोधलं. आधी बेशुद्धीचं इंजेक्शन मारून पाहिलं, ते साधलं नाही, तेव्हा गोळी घातली. तिथेही रात्र होती, तिथेही यंत्र होतं. पण ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या आईला मी कोणत्या तोंडाने सांगू, की बिबट्याला पळायची संधी द्या? तिथे यंत्र हाती घेतलं ते जीव वाचवायला, सरकारी परवानगीने, शेवटचा उपाय म्हणून. त्यात मौज नव्हती. सशामागे धावणारी बॅटरी कुणाचा जीव वाचवते?

आणि एक यंत्र आपल्याही घरात आहे बरं का! पूर्वी मिळालेलं मटण त्याच दिवशी संपवावं लागे. हाव पोटापाशी थांबत असे. आता फ्रीज आहे. चार काय, आठ ससेही मावतात, आणि फ्रीजची किल्ली आपल्या हाती.

मागे ह्यांच्या एका मित्राने फोन केला, “वहिनी, वाटण तयार ठेवा, रानातला माल आणतोय.” मी म्हटलं, “भावजी, पिठलं-भाकरी करते, पोटभर जेवा. रानातलं मात्र माझ्या घरात शिजणार नाही.” ते जरा रुसले. पण आले, जेवले आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

असं मांस घरात सापडणं हाही कायद्याने गुन्हा आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. रात्री माळावर आपण जाऊ शकत नाही, कुणाच्या हातातली बॅटरी विझवू शकत नाही. पण पिशवी दारात आली, तर “कुठून आणलं?” एवढं तरी विचारू शकतो. आणि उत्तर ऐकून गॅस पेटवायचा की नाही, हे तर आपणच ठरवायचं ना?